एचआयव्ही आणि विसरभोळेपणा : ‘निम्म्यांना होतो’ या आकड्याचा खरा अर्थ

एचआयव्ही आणि स्मरणशक्ती यांबद्दल मोबाइलवर शोधायला गेलं की पहिल्या काही ओळींतच एक वाक्य समोर येतं : एचआयव्ही असलेल्या साधारण निम्म्या लोकांच्या बुद्धीवर परिणाम होतो. वर्षानुवर्षं नेमाने गोळ्या घेणाऱ्या, रक्तातला विषाणू दाबून ठेवलेल्या माणसाने हे वाचलं तर त्याच्या पोटात गोळा येणारच. आयुष्यातला एक मोठा धक्का पचवून तो कसाबसा उभा राहिलेला असतो. त्यात आता ‘पुढे तुझं डोकंही चालणार नाही’ असं कुणी तोंडावर सांगावं, तसं ते वाक्य लागतं.

आकडा खोटा नाही. पण तो जे सांगतो आणि वाचणारा जे समजतो, त्यात फार अंतर आहे. हे अंतर उलगडून सांगणं हा या लेखाचा एक हेतू. दुसरा हेतू थेट उलट्या टोकाचा. एआरटी (विषाणू दाबणारी औषधं) देणाऱ्या सेंटरच्या रांगेत वजन होतं, खोकला-ताप विचारला जातो, उरलेल्या गोळ्या मोजल्या जातात. ‘लक्षात राहतं का? कामात गोंधळ होतो का?’ हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. मग ज्यांना खरोखर त्रास होतो आहे, ती माणसं ‘वय झालं’ म्हणून गप्प बसतात. भारतात आज सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रात आहेत. म्हणजे हा विषय आपल्या दारातला आहे.

नेमकं काय बिघडतं?

डॉक्टर ज्याला ‘कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट’ म्हणतात, त्यात आठवण, लक्ष, विचारांचा वेग, नियोजन, निर्णय अशी मेंदूची रोजची कामं येतात. त्या माणसाची पूर्वीची जी कुवत होती, त्यापेक्षा यातलं काही कमी पडू लागलं की हे नाव दिलं जातं. पुढे मी त्याला ‘बौद्धिक अडचण’ एवढंच म्हणेन.

एचआयव्हीमध्ये ही अडचण बहुधा वेग आणि लक्ष यांपासून सुरू होते. समजा, इचलकरंजीतला एक यंत्रमाग कामगार आहे, वय बावन्न. सूत तुटलं की माग थांबवायचा, टोक शोधायचं, गाठ मारायची, माग पुन्हा चालू करायचा. हे त्याचे हात झोपेतही करतील. आजही करतात. पण पूर्वी तो चार माग एकटा सांभाळायचा. एका मागावर गाठ मारताना दुसऱ्याचा बदललेला आवाज त्याला ऐकू यायचा. आता तो गाठीत गुंततो आणि मागचा माग कधी बंद पडला हे त्याला कळत नाही. घरी येताना बायकोने सांगितलेलं पीठ राहून जातं. ‘पीठ सांगितलं होतं ना?’ म्हटलं की लगेच आठवतं. कुणी पटापट बोललं तर त्याला दोनदा विचारावं लागतं. मुलाचं नाव, घराचा पत्ता, मालकाचा हिशेब यांतलं काही तो विसरलेला नाही.

अल्झायमरमध्ये चित्र वेगळं असतं. तिथे आठवण मुळात साठतच नाही, त्यामुळे खूण देऊनही फारसा उपयोग होत नाही. एचआयव्हीमध्ये आठवण आत असते, पण ती वेळेवर वर येत नाही. थोडी खूण दिली की येते. घरच्यांना हा फरक माहीत असलेला बरा, कारण ‘आजोबांना झालं होतं तसंच याला होणार’ ही धास्ती बऱ्याच घरांत असते, आणि ती बहुतेक वेळा चुकीची असते.

विषाणू मेंदूत पोचतो कधी?

फार लवकर. बँकॉकमध्ये अगदी कोवळ्या संसर्गात सापडलेल्या रुग्णांचा अभ्यास झाला. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत, लागण झाल्यापासून अंदाजे आठव्या दिवशीच पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात विषाणू आढळल्याची नोंद आहे. मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू याच पाण्यात असतात. म्हणजे ‘एड्सच्या शेवटच्या टप्प्यात विषाणू मेंदूत चढतो’ ही समजूत खरी नाही.

मेंदूच्या रक्तवाहिन्यांना एक जास्तीची तटबंदी असते. रक्तातलं काय आत सोडायचं आणि काय नाही, हे ती ठरवते. एचआयव्ही पांढऱ्या पेशींच्या पोटात बसून ती ओलांडतो, कारण या पेशींना आत जायला मुभा असते. आत गेल्यावर तो विचार करणाऱ्या मूळ चेतापेशींना हात लावत नाही, हे अनेकांना ठाऊक नसतं. तो मेंदूतल्या संरक्षक पेशींत मुक्काम करतो. या पेशींचं काम कचरा उचलायचं आणि शत्रू दिसला की पेटून उठायचं. शत्रू त्यांच्याच पोटात असल्यामुळे त्या सतत पेटलेल्या राहतात आणि दाह निर्माण करणारी रसायनं सोडत राहतात. विषाणूची काही प्रथिनंही बाहेर पडून चेतापेशींना त्रास देतात.

शेजारच्या खोलीत ओली लाकडं धुमसत असावीत, तसं हे आहे. आपल्या खोलीत आग नाही, सामान जळलेलं नाही, पण धुराने डोळे चुरचुरतात आणि धड काही सुचत नाही. धूर थोडे दिवस असेल तर खिडकी उघडल्यावर सगळं पूर्ववत होतं. वर्षानुवर्षं राहिला तर भिंतींवर काजळी धरते आणि आग विझल्यावरही ती राहते. एआरटीच्या गोळ्या आग जवळपास विझवतात. आधी धरलेली काजळी त्या पुसू शकत नाहीत.

म्हणून एका आकड्याला इथे फार महत्त्व आहे : आयुष्यात सीडी फोर, म्हणजे एचआयव्ही ज्यांना मारतो त्या पांढऱ्या पेशींचा रक्तातला आकडा, सर्वांत खाली किती गेला होता. आज तो ६०० असला तरी एके काळी ४०वर आलेला असेल, तर मेंदूने त्या काळात बरंच सोसलेलं असतं. अनेक अभ्यासांत हा नीचांक बौद्धिक अडचणीशी जोडलेला आढळला आहे.

आपल्याकडे याला एक इतिहास आहे. सरकारची मोफत एआरटी १ एप्रिल २००४ला सुरू झाली, पहिल्या मोजक्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. त्या वेळी सीडी फोर २००च्या खाली गेल्यावरच औषध मिळायचं. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वर नेली आणि २०१७पासून निदान झालेल्या प्रत्येकाला लगेच औषध हे धोरण आलं. सुरुवातीच्या त्या वर्षांत गोळ्या सुरू झालेली माणसं आज पन्नाशी-साठीत आहेत. त्यांचा विषाणू छान आटोक्यात आहे, पण औषध मिळेपर्यंत त्यांना फार वाट पाहावी लागली होती. आज विसरभोळेपणाची तक्रार घेऊन येणाऱ्यांत ही पिढी मोठी असणार, आणि तिच्याकडे लक्ष देणं हे आपलं देणं आहे असं मला मनापासून वाटतं. आज निदान होऊन त्याच आठवड्यात गोळ्या सुरू करणाऱ्या विशी-तिशीतल्या माणसाने स्वतःची तुलना त्यांच्याशी करू नये. त्याचा धोका कितीतरी कमी आहे.

मग ‘निम्मे’ आले कुठून?

१९८६मध्ये न्यूयॉर्कच्या मेंदूतज्ज्ञांनी एड्समध्ये होणाऱ्या स्मृतिभ्रंशाचं सविस्तर वर्णन केलं. तेव्हा औषध नव्हतं. तरणीताठी माणसं काही महिन्यांत चालणं-बोलणं विसरून अंथरुणाला खिळायची. १९९६मध्ये तीन औषधांचा एकत्रित उपचार आला आणि हे भयंकर रूप झपाट्याने मागे हटलं.

पण सौम्य अडचणी उरल्याच होत्या. त्या मोजायच्या कशा, यासाठी २००७मध्ये तज्ज्ञांनी एक मोजपट्टी ठरवली. तिच्यात तीन पायऱ्या होत्या. चाचणीत गुण कमी पण रोजच्या जगण्यात काहीच त्रास नाही, ही पहिली. गुण कमी आणि रोजच्या कामात थोडी अडचण, ही दुसरी. स्वतःचं स्वतः करता न येण्याइतका स्मृतिभ्रंश, ही तिसरी.

ही मोजपट्टी लावून अमेरिकेत १,५००हून अधिक लोकांची तपासणी झाली आणि २०१०मध्ये निष्कर्ष आले. मेंदूवर परिणाम करणारे इतर मोठे आजार असलेल्यांना बाजूला ठेवलं, तर उरलेल्यांत पहिल्या पायरीवर ३३ टक्के, दुसऱ्या पायरीवर १२ टक्के आणि तिसऱ्या पायरीवर २ टक्के लोक होते. बेरीज ४७. ‘निम्मे’ ते हेच.

यातला मोठा हिस्सा, ३३ टक्के, अशा माणसांचा आहे ज्यांना स्वतःला काही त्रास होत नव्हता. फक्त चाचणीच्या कागदावर त्यांचे गुण कमी होते. ज्याला आपण बोलीभाषेत ‘डोकं चालेनासं होणं’ म्हणतो, ती अवस्था शंभरांत दोघांची.

आता चाचण्यांकडे बघू. तपासणीत बुद्धीच्या पाच किंवा अधिक क्षेत्रांच्या चाचण्या घेतात आणि त्यांतल्या कुठल्याही दोन क्षेत्रांत गुण सरासरीपेक्षा ठरावीक अंतराने खाली असले की ‘अडचण आहे’ अशी नोंद होते. चाचण्या जितक्या जास्त, तितकी कुठेतरी दोन ठिकाणी घसरण्याची शक्यता जास्त. ही मोजपट्टी एचआयव्ही नसलेल्या धडधाकट लोकांना लावली तरी पाचातला साधारण एक जण ‘अडचण असलेला’ ठरतो, असं नंतर दाखवून देण्यात आलं. अशा पट्टीने मोजलेला आकडा बातमीच्या मथळ्यात टाकणं हा त्या माणसांवर अन्याय आहे.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. परदेशी चाचण्यांत इंग्रजी अक्षरं आणि आकडे आळीपाळीने जोडायला सांगतात. कन्नड तालुक्यातल्या, चौथीनंतर शाळा सुटलेल्या बाईला हे जमलं नाही, तर त्यात तिच्या मेंदूचा काय दोष? आपल्या लोकांची मोजणी आपल्या लोकांशीच करायला हवी. त्या दिशेने पुण्यात काम झालं आहे. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी अमेरिकी सहकाऱ्यांसोबत, मराठी मातृभाषा असलेल्या निरोगी लोकांना हिंदी किती येतं याचा चाचणीतल्या गुणांवर काय परिणाम होतो, हेसुद्धा तपासलं. तो अभ्यास २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. ऐकायला बारीक वाटेल, पण निदान बरोबर यायचं तर हा बारकावाच लागतो.

२०२३मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने जुनी पद्धत बदलण्याची शिफारस केली. नुसत्या कमी गुणांवरून कुणावर शिक्का मारू नये. माणसाची किंवा त्याच्या घरच्यांची तक्रार आहे का, पूर्वीपेक्षा खरंच फरक पडला आहे का, हे धरूनच निदान करावं. आणि विषाणूमुळे झालेली मेंदूची इजा ही इतर कारणांपासून वेगळी काढावी, असा तिचा गाभा आहे. मला ही शिफारस विज्ञानाइतकीच माणुसकीचीही वाटते.

विषाणू दोषी नसेल तर मग कोण?

बऱ्याचदा दुसरंच काहीतरी. आणि ते बहुधा उपचार होण्यासारखं.

उदासीनता हे सर्वांत मोठं आणि सर्वांत दुर्लक्षित कारण. नैराश्यात लक्ष लागत नाही, शब्द पटकन सुचत नाहीत, सकाळी काय ठरवलं ते दुपारी राहत नाही. एकटेपण, लपवाछपवी, नवऱ्याचं किंवा बायकोचं जाणं, सासरी मिळालेली वागणूक हे सगळं ज्याच्या वाट्याला आलं आहे, त्याच्या विसरण्याचा दोष आधी विषाणूला देणं बरोबर नाही. नैराश्यावर उपचार झाले की आठवणही सुधारते, असं अनेकांच्या बाबतीत घडतं.

दारू दुसरी. रोज रात्री ‘थोडीशी’ घेणाऱ्याच्या मेंदूवर विषाणू आणि दारू यांचा दुहेरी भार पडतो.

बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे खूप आढळते, शाकाहारी लोकांत अधिक. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही बी-१२ कमी होतं. थायरॉइड मंद असेल तर माणूस मंदावतो. वाढलेलं बीपी आणि साखर मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतात, आणि एचआयव्हीसह जगणाऱ्यांमध्ये रक्तवाहिन्यांचे विकार मुळातच जास्त असल्याने हा मुद्दा वजनदार ठरतो. सिफिलिसही मेंदूत जाऊ शकतो. रक्ताच्या साध्या चाचणीने संशय घेता येतो आणि पेनिसिलिनने तो बरा होतो.

औषधांचंही बघावं लागतं. पूर्वी बहुतेकांना मिळणाऱ्या एफाव्हिरेंझने विचित्र स्वप्नं पडायची, सकाळी डोकं जड व्हायचं, काहींना लक्ष लागायचं नाही. आता देशभर डोल्युटेग्राविर असलेली एकच गोळी दिली जाते, ती बहुतेकांना मानवते. काहींची झोप मात्र तिने उडते, आणि झोप उडाली की दिवसभर विसरायला होतंच. डॉक्टरांना सांगून वेळ बदलता येते. मनाने गोळी बंद करणं हा उपाय नव्हे, त्याने आग पुन्हा पेटते.

काही लक्षणांत वाट बघायची नसते. काही दिवसांतच वाढत गेलेला गोंधळ, ताप आणि न थांबणारी डोकेदुखी, झटका, एका बाजूची कमजोरी, एकाएकी तिरळेपणा किंवा बोबडी वळणं यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. टीबीचा किंवा बुरशीचा मेंदूज्वर, टॉक्सोप्लाझ्मा यांसारखे संसर्ग असे येतात. वेळेत उपचार झाला तर माणूस वाचतो.

‘माझा व्हायरल लोड सापडतच नाही, मग मेंदूत विषाणू कसा?’

हा प्रश्न रास्त आहे. व्हायरल लोड म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण. रक्तात विषाणू सापडत नाही याचा अर्थ औषध उत्तम काम करतं आहे आणि शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. ही मोठी गोष्ट आहे आणि ती कुणी कमी लेखू नये. पण विषाणू शरीरातून गेलेला नसतो. तो काही पेशींत निद्रिस्त असतो, मेंदूतल्या संरक्षक पेशी त्यांपैकीच. दाह पूर्ण शमत नाही तो यामुळेही.

फार थोड्या लोकांत आणखी वेगळं घडतं. रक्तात विषाणू दबलेला असतो, पण मेंदूच्या पाण्यात तो पुन्हा वाढू लागतो, कारण काही औषधं तटबंदीपलीकडे पुरेशी पोचत नाहीत किंवा विषाणू औषधांना निर्ढावलेला असतो. अटाझानाविर हे एआरटीचं औषध घेणाऱ्या रुग्णांत असं आढळल्याचं पश्चिम भारतातल्या डॉक्टरांनी २०१८मध्ये नोंदवलं. चालताना तोल जाणं, हात थरथरणं, वेगाने वाढणारा विसर अशी लक्षणं असतात. पाठीतून पाणी काढून तपासलं की निदान होतं आणि औषधं बदलली की बहुतेकांना आराम पडतो. दुर्मीळ आहे, म्हणून प्रत्येक विसराळू माणसाच्या पाठीत सुई टोचायची गरज नाही. पण ‘व्हायरल लोड चांगला आहे, काही झालेलं नाही’ असं म्हणून नव्या लक्षणांवर पडदाही टाकू नये.

‘आपल्याकडचा विषाणू सौम्य आहे ना?’

असं काही काळ मानलं जायचं खरं. एचआयव्हीचे अनेक उपप्रकार आहेत. भारतात बहुतांश ‘सी’ उपप्रकार आहे, तर युरोप-अमेरिकेत मुख्यतः ‘बी’. ‘सी’मधल्या ‘टॅट’ नावाच्या प्रथिनात एक छोटासा बदल आहे. त्यामुळे ते दाह करणाऱ्या पेशींना मेंदूकडे कमी ओढतं, असं बेंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी २००४च्या सुमारास दाखवलं. त्यावरून भारतीयांना मेंदूचा त्रास होणारच नाही, अशी आशा बांधली गेली.

पुढे पुणे, चेन्नई, बेंगळुरू इथल्या लोकांची प्रत्यक्ष तपासणी झाली, तेव्हा एचआयव्ही असलेल्यांचे गुण त्यांच्यासारख्याच इतरांपेक्षा खाली आढळले. बदल खरा आहे, तो प्रयोगशाळेत दिसतो. पण त्याच्या भरवशावर तक्रारीकडे काणाडोळा करण्याइतकं संरक्षण तो देत नाही.

तपासणीत काय करतात?

सुरुवातीची एक छोटी चाचणी आहे. २००५मध्ये अमेरिका आणि युगांडा इथल्या रुग्णांवर ती तयार झाली. तिला ना अक्षरओळख लागते ना महागडी यंत्रं, म्हणून गर्दीच्या सेंटरवरही करता येते. आधी चार शब्द सांगतात : कुत्रा, टोपी, घेवडा, लाल. ते रुग्णाकडून म्हणवून घेतात. मग ज्या हाताने आपण लिहीत नाही, त्या हाताचा अंगठा आणि त्याशेजारचं बोट जमेल तितकं मोठं उघडून भराभर मिटायचं. पाच सेकंदांत पंधरा वेळा झालं की पूर्ण गुण. त्यानंतर त्याच हाताने टेबलावर तीन हालचाली एकामागून एक करायच्या : मूठ ठेवायची, तळवा पालथा टाकायचा, मग हात करंगळीच्या कडेवर उभा करायचा. मूठ, तळवा, कड. मूठ, तळवा, कड. दहा सेकंदांत चार फेऱ्या. शेवटी ते चार शब्द विचारतात. आठवला तर एक गुण, खूण दिल्यावर आठवला तर अर्धा.

एकूण बारा गुण. दहा किंवा कमी आले तर पुढची सविस्तर तपासणी करायची, इतकाच त्याचा अर्थ. बोटं जड असण्याची कारणं संधिवातापासून हातमागावरच्या जुन्या दुखापतीपर्यंत काहीही असू शकतात. मोठा त्रास पकडायला ही चाचणी चांगली, सौम्य अडचण तिच्यातून अनेकदा निसटते. म्हणून घरी बसून स्वतःला गुण देऊन कुणी झोप उडवून घेऊ नये.

औषध आहे का?

खास मेंदूसाठीची गोळी आज तरी नाही. अल्झायमरवरचं मेमँटिन, पार्किन्सनवरचं सेलेजिलिन, मुरुमांसाठी वापरलं जाणारं मिनोसायक्लिन, या सगळ्यांची एचआयव्हीमधल्या बौद्धिक अडचणीवर रीतसर चाचणी झाली. ठोस फायदा दिसला नाही. विषाणू आधीच दबलेल्या रुग्णांना आणखी एआरटी औषधं वाढवून देऊनही पाहिलं, त्यानेही फरक पडला नाही. त्यामुळे कुणी ‘एचआयव्ही पेशंटसाठी स्पेशल मेमरी टॉनिक’ विकत असेल तर खिसा आवरावा.

या टॉनिकांत आणखी एक धोका आहे. अनेकांत लोह, कॅल्शियम, जस्त असतं. डोल्युटेग्राविरसोबत ते रिकाम्या पोटी घेतलं तर आतड्यात त्याला चिकटतं आणि औषध रक्तात कमी उतरतं. अॅसिडिटीच्या पांढऱ्या पातळ औषधाचंही तसंच, ते जेवणासोबत घेतलं तरी. एआरटीची गोळी घेऊन दोन तासांनी टॉनिक, किंवा टॉनिक आधी घेतलं असेल तर सहा तासांनी एआरटीची गोळी, असा साधारण नियम आहे. आपल्या औषधांचं वेळापत्रक सेंटरच्या फार्मासिस्टकडून लिहून घ्यावं.

उपयोग होतो तो साध्या गोष्टींचा. गोळी एकही दिवस न चुकवणं सर्वांत वर, कारण उशिरा निदान झालेल्यांतही एआरटी सुरू झाल्यावर बौद्धिक गुण सुधारल्याचं दिसलं आहे. बीपी-साखर आटोक्यात, तंबाखू बंद, रोजचं चालणं, नैराश्यावर उपचार, बी-१२ कमी असेल तर इंजेक्शन.

इथे एक दुष्टचक्र असतं. विसरण्यामुळे गोळी चुकते, गोळी चुकली की विषाणू वाढतो, विषाणू वाढला की विसर वाढतो. ते तोडायचं तर गोळी आठवणीच्या भरवशावर सोडायचीच नाही. जेवणानंतर ताट विसळायचं तेव्हा गोळी, असं कायमच्या सवयीला ती बांधून टाकावी. मोबाइलचा गजर लावावा. घरात माहीत नसेल तर त्यावर ‘बीपीची गोळी’ असं नाव टाकावं. आठवड्याचे सात कप्पे असलेली डबी केमिस्टकडे मिळते. मंगळवारचा कप्पा रिकामा दिसला की ‘आज घेतली की नाही?’ हा प्रश्न उरत नाही, आणि चुकून दोनदा घेणंही टळतं. ती डबी वापरायला कमीपणा वाटायचं काही कारण नाही.

जन्मतःच एचआयव्ही असलेल्या मुलांचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. इतकंच सांगतो : अशा मुलाचं शाळेत मागे पडणं ‘आळशी आहे’ म्हणून सोडून देऊ नये, लवकर मदत मिळाली तर ते बरंच सावरतं.

‘हे लिहून तुम्ही आणखी एक कलंक लावत नाही का?’

हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. ‘एचआयव्हीवाल्यांचं डोकं चालत नाही’ अशी कुजबुज कामाच्या ठिकाणी सुरू झाली तर नुकसान प्रचंड आहे. म्हणूनच आकडे नीट सांगावे लागतात. ही माणसं शेतं कसतात, रिक्षा चालवतात, बचतगटांचे हिशेब ठेवतात, शाळेत शिकवतात. बहुसंख्यांच्या कामाला काहीही धक्का लागलेला नाही.

कायदाही त्यांच्या बाजूने आहे. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून कुणाला कामावरून काढता येत नाही. एखादी व्यक्ती ते काम करायला असमर्थ आहे असं म्हणायचं असेल, तर स्वतंत्र आणि पात्र वैद्यकीय तज्ज्ञाचा लेखी अभिप्राय लागतो; शिवाय त्या व्यक्तीसाठी कामात योग्य ते बदल करणं का परवडत नाही, हेही मालकाला लेखी द्यावं लागतं. चार मागांऐवजी दोन माग देणं, तोंडी सूचनेऐवजी कागदावर लिहून देणं हे असेच बदल झाले. आणि कायद्यातले काही अपवाद सोडले, तर कुणाचाही एचआयव्हीचा तपशील त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही.

गप्प राहिल्याने कलंक कमी होतो असं मला वाटत नाही. गप्प राहिल्याने बी-१२ची कमतरता, नैराश्य, मेंदूतला टीबी मात्र तपासायचे राहून जातात.

पुढच्या तारखेला सेंटरवर काय सांगायचं?

‘विसरायला होतं’ एवढंच म्हटलं तर डॉक्टर ‘होतं हो, वय झालं’ म्हणतील आणि पुढच्या रुग्णाकडे वळतील. त्यांच्यामागेही मोठी रांग असते. त्यापेक्षा दोन-तीन नेमके प्रसंग लिहून न्यावेत : कधीपासून, काय करताना, पूर्वी कसं जमायचं आणि आता कसं. गेल्या महिन्यात किती गोळ्या चुकल्या, हे खरं सांगावं. झोप किती, दारू किती, मन कसं आहे, दुसरी कोणती औषधं आणि टॉनिकं चालू आहेत, हेही त्याच कागदावर. आयुष्यातला सर्वांत कमी सीडी फोर किती होता, ते जुन्या कार्डांत शोधून ठेवावं. घरातल्या ज्या व्यक्तीला माहीत आहे तिला सोबत न्यावं, कारण आपल्यातला बदल आपल्याआधी तिला दिसलेला असतो. मग बी-१२, थायरॉइड, साखर, बीपी आणि सिफिलिसची तपासणी करता येईल का, असं सरळ विचारावं. यांतल्या बहुतेक तपासण्या सरकारी रुग्णालयात होतात. सेंटरवर समुपदेशकाची खोली वेगळी असते, डॉक्टरांसमोर जे बोलवत नाही ते तिथे बोलता येतं. तिथेही अवघड वाटलं तर १०९७ हा राष्ट्रीय एड्स मदत क्रमांक मोफत आहे.